पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे

इंग्रजीतलं एक वाक्य मला जन्मभर पुरून उरलं आहे. ‘द रेस्ट इज हिस्ट्री.’ हल्ली ते कुणीही कुठंही ठोकून देतं. परवा नातवाच्या लग्नात एका पोरानं माईक हातात घेतला, नवरानवरी कॉलेजच्या कँटीनमध्ये कसे भेटले ते रंगवून सांगितलं आणि ‘अँड द रेस्ट इज हिस्ट्री’ म्हणून टाळ्या घेतल्या. मी हातातलं ताट खाली ठेवलं. सूनबाईनं विचारलं, ‘आई, काय झालं, मीठ कमी आहे का?’ म्हटलं, जास्त झालंय. ती बिचारी आचाऱ्याला बोलवायला गेली. तिला काय सांगणार कपाळ! सारा जन्म पोरांना इंग्रजी शिकवण्यात गेला. हजार वाक्प्रचार फळ्यावर लिहिले असतील, पण हा एक मी कधीही शिकवला नाही. पुस्तकात आला की पान उलटायची.

मला तो शिकवला सांगलीतल्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी. मी तेव्हा मामाकडं राहून शिकत होते. मामाचं घर हळदीच्या पेठेला लागून, त्यामुळं माझी वह्या-पुस्तकं, फडकी, डोक्याचं तेलसुद्धा हळदीच्या वासाचं. वर्गात आम्ही मुली सहा आणि मुलगे तीस-पस्तीस. सर किडकिडीत, काळा कोट, बाहीला सदा तपकिरीचे डाग. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, ‘याचा अर्थ, पुढचं ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून सांगणारा थांबतो. महाराज पेटाऱ्यात बसून आग्र्याबाहेर पडले, द रेस्ट इज हिस्ट्री. सातारा-सांगलीच्या पोराला त्यापुढचं सांगावं लागतं का? पण माझी आजी मिरजेच्या बाजारात हरवली, द रेस्ट इज हिस्ट्री, असं म्हटलं तर चालेल का? लोक विचारतील, अहो, म्हातारी सापडली की नाही?’ वर्ग खदाखदा हसला. सरांनी चिमूट नाकाला लावली, शिंकले आणि मग म्हणाले, ‘ध्यानात ठेवा. ऐकणाऱ्याला पुढचं माहीत नसताना जो हे वाक्य वापरतो, तो एक तर आळशी असतो, नाही तर लबाड.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. नदी ओलांडली की सांगली संस्थानची हद्द. इकडचा फौजदार तिकडं जायचा तर कागद लागायचे, त्यामुळं बेचाळीसनंतर भूमिगत झालेल्या पोरांना पलीकडचा काठ फार उपयोगी पडायचा. आमचा दादा, ज्ञानदेव, त्यांतलाच. तारा तोडल्या, चावडी जाळली, अंगावर वॉरंट निघालं आणि लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं तेव्हा तो घरातून गेला तो गेलाच. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, पहिल्या लढाईत बसऱ्याला गुडघा अधू झालेला. खुंटीवर त्यांचा खाकी कोट आणि बिल्ले, आणि त्याच खुंटीला दादाची खादीची टोपी. दोघांचं पटत नव्हतं असं लोक म्हणत. पण ती टोपी झाडून परत जागेवर ठेवताना मी तात्यांनाच पाहिलं आहे.

घरात माणसं मोजकीच. आई, तात्या, वहिनी आणि सुट्टीपुरती मी. वहिनीचं नाव रुक्मिणी, माहेर पार लोणंदकडं, त्यामुळं सणावारालाही माहेरचं कुणी यायचं नाही. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी. मला ‘वन्सं’ म्हणायची आणि रात्रीच्या चुलीपाशी माझ्याकडून एबीसीडी शिकून घ्यायची, राखेत गिरवत. पहाटे जात्याची घरघर, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि दिवस वर आला की मळ्यातून मोटेची कुरकुर. ती कुरकुर घरापर्यंत ऐकू यायची आणि तात्या काम करताहेत हे तिच्यावरून कळायचं. दुपारी वहिनी भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन मळ्यात जायची. शाळूच्या भाकरी, खर्डा, भरलं वांगं, कांदा. तात्या आणि एक गडी अशी दोनच तोंडं, पण बुट्टीत दोन भाकरी जास्तीच्या असायच्या. आई त्या वेगळ्या फडक्यात बांधायची आणि फडक्याकडं न बघता बांधायची. आमचा ऊस अडसाली, माणूस बुडेल एवढा. त्या उसात, पल्याडच्या बांधाला, पाचटाची एक खोप होती. एवढं सांगितलं की पुरे. मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही, पण कळतंय असं दाखवायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आणि मग वहिनीला दिवस गेले. सुट्टीला मी घरात पाय ठेवला तेव्हा सातवा लागला होता. आईनं पाचव्यात चोरओटी भरली होती, आतल्या खोलीत, दार लोटून. चोरओटी सगळ्याच घरांत कुणाला न कळवता भरतात, पण तिथं निदान शेजारणींना अंदाज घ्यायला मौज वाटते. आमच्याकडं आईनं ओटी भरली ती दाराकडं कान ठेवून, असं वहिनीनंच मला सांगितलं. पोट काही फडक्यात बांधून ठेवता येत नाही. नदीवर धुणं धुताना बायका आवाज न उतरवताच बोलायच्या. ‘दाल्ला परागंदा हुऊन दीड वरीस झालं, आन् हिला डव्हाळे?’ एकीनं विचारलं, मग घरात पुरुष हाय तरी कोन? दुसरी म्हणाली, ‘हाय की. पेन्शनर.’ मी त्याच दगडावर आईचं लुगडं घासत होते. माझ्या हातातलं लुगडं प्रवाहात गेलं ते मला काढताही आलं नाही. देवमाणूस होता हो माझा बाप! अजूनही ते आठवलं की जिभेवर शिव्या येतात, आणि म्हातारपणी शिव्या द्यायला मी कुणाला भीत नाही.

आईला मी हे सांगणार नव्हते. पण दोनच दिवसांनी मी वहिनीला विहिरीच्या काठावर पाहिलं. घागर लांब ठेवलेली, दोर लांब, आणि ही अगदी कडेला, पदराचा बोळा तोंडात. मी हाक मारली तर वळली नाही. जवळ जाऊन हात धरला तेव्हा म्हणाली, ‘वन्सं, मामंजी आज माज्या हातचं पानी बी घ्याला लाजलं गं. त्येंच्या कानावर गेलंय.’ तिला घरी आणलं आणि मग मात्र आईला सगळं सांगून टाकलं, नदीवरचं आणि विहिरीवरचं. आई निवडत होती ते सूप तसंच मांडीवर राहिलं.

तिन्हीसांजेला तात्या आले तेव्हा आईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, ‘आवं, मी सुनंचं डव्हाळजेवान करनार. समद्या गावाला आवतन दिऊन.’

तात्यांनी पाय धुऊन घेतले. मग म्हणाले, ‘म्हंजी आपल्या तोंडानं सांगायचं, त्यो येतोय म्हून. फौजदाराला येवडंच पायजेल. पोराला धरून न्हेत्याल.’

‘आन् ही हिरीत गेली तर?’ आई म्हणाली. ‘त्यो मरद हाय, पळंल. ही पोटूशी कुटं पळंल? त्येला सांगावा धाडती, म्हैनाभर नदीच्या अल्याड पाऊल टाकू नगंस म्हून. पर माज्या सुनंला आन् माज्या धन्याला मी असं जित्तेपनी मरू द्याची न्हाई.’

तात्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जास्तीच्या भाकरींबरोबर निरोप गेला. दादा त्याच संध्याकाळी नदी उतरून पलीकडं गेला. आईनं ते पक्कं करून घेतलं आणि मगच डाळ भिजत घातली.

आवतण द्यायला मी गेले. कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जायचं, घरच्या बाईला कुंकू लावायचं आणि बोलवायचं. निघताना आई म्हणाली, ‘एक उंबरा चुकवू नगंस. जो चुकवशील त्योच उंबरा उद्या आपल्याला बोल लावंल.’ मी विचारलं, पोलीस पाटलांचा? आई म्हणाली, ‘त्यो पयला.’ आज हे वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल. ज्याला पकडायचं त्याच्या घरची आनंदाची बातमी पकडणाऱ्याच्या दारात कुंकू लावून कोण देतं! पण आमच्यात आवतण अर्धं देत नाहीत. एक घर गाळलं तर लाज लपवायची आहे असाच अर्थ निघाला असता. पाटलीणबाई जोत्यावर बसल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘तुज्या आयेनं इच्यार करून धाडलंय न्हवं?’ मी व्हय म्हटलं. त्यांनी कपाळ पुढं केलं. ‘मग मी येनार.’

चाळीसएक बायका आल्या. आल्या त्या खायला नाही, बघायला. केळीचे खुंट लावले होते, खपली गव्हाची खीर होती, सांज्याच्या पोळ्या, येसर आमटी. हिरव्या लुगड्यात वहिनी पाटावर बसली होती आणि खाली बघत होती. पहिली ओटी पाटलीणबाईंनी भरली. भरून झाल्यावर त्यांनी वहिनीच्या गालावरून हात फिरवला. मग कुणीतरी मागून, मुद्दाम, आवाज लांबवून म्हणालं, ‘नाव घ्याला लावा की गं हिला!’ नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याचं. आई दारात उभी होती, तिनं चौकट धरली. वहिनीनं मान वर केली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

‘कृष्णेच्या पल्याड उजेड, अल्याड अंधार,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, उघडं ठेवून दार.’

कुणी हसलं नाही. नदीवर तोंड टाकलेल्या दोघी खाली बघत उठल्या आणि ओटी भरायला पुढं झाल्या. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तात्यांनी वहिनीला हाक मारली, ‘पोरी, पानी आन गं,’ आणि ती आणेपर्यंत हात पुढं करून बसले. मला वाटलं, सुटलो. चौदा वर्षांची होते मी. अक्कल ती किती!

कुणी सांगितलं, कुणी फितुरी केली, हे लोक अजून विचारतात. अहो, सांगायचं काय त्यात? चाळीस बायका घरी गेल्या आणि चाळीस घरांत संध्याकाळची भाकरी थापताना तो उखाणा म्हटला गेला. बाजारच्या दिवशी भाजीवाल्या तो नदीपलीकडं घेऊन गेल्या. तसा तो फौजदाराच्या कानावर गेला आणि तसाच दादाच्याही. आठव्या दिवशी दुपारी मी आणि वहिनी परड्यात शेण्या रचत होतो आणि मळ्यातली मोटेची कुरकुर मध्येच बंद पडली. वहिनीच्या हातातली शेणी फुटली. आम्ही धावलो. दादा मोटेचं पाणी वाहणाऱ्या दंडापाशी उभा, ओंजळ भरलेली, आणि चहूबाजूंनी साध्या कपड्यातले शिपाई. ते चार दिवस शेजारच्या मळ्यात ऊस बघायला आलेले गडी म्हणून वावरत होते. गाव गोळा झालं. फौजदार तरुण होता, तात्यांच्या हुद्द्याला मान देऊन त्यानं विचारलं, ‘हवालदारसाहेब, हा आपलाच मुलगा ना?’ तात्यांनी सगळ्या गावाकडं बघून सांगितलं, ‘व्हय, माझाच ल्योक. आन् सुनंच्या पोटात हाय त्यो नातू बी माझाच हाय. लिवून घ्या.’ दादा वहिनीकडं बघत राहिला. तिच्या अंगावर तेच हिरवं लुगडं होतं, आईनं ते रोज नेसायला सांगितलं होतं. मग त्याला घेऊन गेले. तात्या खाली बसले आणि त्या गुडघ्यामुळं त्यांना एकट्याला उठता आलं नाही.

सुट्टी संपून सांगलीला गेले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. मधल्या सुट्टीत पोरापोरींनी घेरलं. सांग की, सांग की. मीही सांगितलं. तारा तोडल्या त्या, नदी पोहून गेला ते, शिपायांनी वेढलं ते. मी वाघाची बहीण झाले होते, कधी नव्हे ते मुलगेही तोंड उघडं टाकून ऐकत होते. मग एकीनं विचारलं, ‘पण ते परत आले कशाला गं? आणि पोलिसांना कळलं कसं?’ मला पाटावरची वहिनी दिसली, नदीवरचं ते ‘पेन्शनर’ ऐकू आलं. ते या पोरींपुढं मांडायचं? माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘द रेस्ट इज हिस्ट्री.’ सगळे खूश. दाराशी सर उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तपकिरीची डबी काढली आणि निघून गेले.

वहिनीला मुलगी झाली. दोन महिन्यांची झाल्यावर साताऱ्याच्या तुरुंगात दादाची भेट मिळाली, अर्ज मी इंग्रजीत लिहिला म्हणून मीही बरोबर. गजाआड दादा वाळला होता. वहिनी रडून रडून एकच म्हणत होती, माज्या तोंडानं घात झाला, माज्या तोंडानं. दादानं लेकीच्या पायाला गजातून बोट लावलं. म्हणाला, ‘येडी का काय तू? बाजारला आलेली भाजीवाली बांधावर बसून म्हनाली, तुज्या बायकूनं असं असं नाव घेतलं. लय झ्याक घेतलंस. मग मला ऱ्हाववंना. म्हटलं, एकडाव बघून येऊ.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘लोक काय बोलत हुते ते मला आधी का न्हाई सांगितलंस? मी सोता हुऊन चावडीवर आलो असतो.’ शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं. त्यानंतर त्याला लांबच्या तुरुंगात हलवलं आणि पावसाळ्यात चार ओळींचं इंग्रजी पत्र आलं. विषमज्वरानं मृत्यू, अमुक दिवशी, अंत्यविधी उरकला आहे. ते पत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी सांगितला. वहिनीनं विचारलं, आजून काय लिवलंय? मी म्हटलं, एवढंच. तिनं ते माझ्या हातातून घेऊन उलटं करून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून.

पुढं स्वराज्य आलं, चावडीपुढं खांब उभा राहिला, त्यावर दादाचं नाव. वर्षं गेली. आई गेली, तात्या गेले. गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मी शिकलेली, मास्तरीण झालेली, म्हणून लेख माझ्याकडं आला. मी तारा लिहिल्या, नदी लिहिली, वेढा लिहिला. वहिनी हयात होती, नदीवरच्या त्या दोघींची नातवंडं गावात होती, नको ते उकरायचं कशाला, असा विचार केला. आणि शेवटी ते वाक्य लिहिलं, इंग्रजीतच, लेखाला वजन यावं म्हणून. हेडमास्तरांना ते भारी आवडलं. समारंभात त्यांनी भाषणाचा शेवट त्याच्यावर केला, ‘आणि मित्रहो, द रेस्ट इज हिस्ट्री!’ मंडपात टाळ्यांचा कडकडाट. वहिनी माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसलेली, मांडीवर सत्काराचा नारळ. टाळ्या थांबल्यावर मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘वन्सं, त्यो इंग्रजीत काय बोलला गं? लोकांस्नी लय आवडलं.’

मी सांगितलं, ‘म्हणाला, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.’

‘समद्यांस्नी?’ तिनं मागं वळून मंडपभर पाहिलं, एकेक तोंड निरखून. मग माझ्याकडं सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, ‘मग कुनाला तरी इच्यार की गं. शेवटाला त्येंनी पानी मागितलं आसंल. कुनी दिलं का न्हाई, येवडंच सांगा म्हनावं मला.’

पोरं पेढे वाटत आली. तिनं तिचा पेढा लेकीसाठी पदराच्या गाठीला बांधला आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिली.